उमेदवार कुठला?

मोखाड्यात वर्ष संपतं ते दिवाळीला. भात झोडून झालेलं असतं, नागली-वरई घरात आलेली असते. वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवून झाला, चवळी-करांद्यांचं जेवण झालं, की पाड्यापाड्यावर बोचकी बांधायला सुरुवात होते. वीटभट्टीवाल्या शेठचा माणूस बयाणा देऊन गेलेला असतो. कुणी भिवंडीला जातं, कुणी वसईला, वाड्याला, कल्याणला. खोडाळ्याकडचे काही घाट चढून नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि आजीकडे ठेवलेली शाळेतली पोरं. बाकीचा गाव शिमग्याला होळीपुरता येतो आणि नीट परततो तो पावसाच्या तोंडावर.

निवडणूक आयोगाच्या कॅलेंडरात या गोष्टीला जागा नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके ज्यात येतात तो विक्रमगड विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. तिथलं पहिलं मतदान १३ ऑक्टोबर २००९ ला झालं, दुसरं १५ ऑक्टोबर २०१४ ला, तिसरं २१ ऑक्टोबर २०१९ ला. तिन्ही वेळा दिवाळी मतदानाच्या पुढे होती. म्हणजे माणसं घरी होती, भात शेतात होतं, उमेदवाराला मतदार बांधावर भेटत होता. २०२४ ला मतदान पहिल्यांदाच दिवाळी उलटल्यावर आलं, २० नोव्हेंबरला. बयाणा घेतलेली कुटुंबं भट्टीवर पोचायची वेळ आणि मतदानाची वेळ एकच झाली.

तरी मतपेट्या ओस पडल्या नाहीत. २०१९ ला दोन मुख्य उमेदवारांना मिळून दीड लाखाच्या वर मतं पडली होती, २०२४ ला ती एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेली. कुणी आपणहून थांबलं असेल, कुणाला आणलं गेलं असेल. मतदारांना केंद्रावर आणण्यासाठी उमेदवाराने भाड्याची गाडी लावणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यातला भ्रष्ट आचार आहे. त्यामुळे टेम्पो कुणाचा होता हे विचारायचं नसतं, आणि इथे कुणी विचारतही नाही.

विचारतात ते वेगळंच. उमेदवाराचं नाव निघालं की टपरीवर पहिला प्रश्न येतो, ‘कुठला?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. तालुका कुठला, जमात कुठली आणि माणूस कुणाचा. पक्ष त्यानंतर येतो. मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची ८३ हजार भरली. दोन्हीकडे शंभरातली नव्वदहून जास्त माणसं आदिवासी आहेत. पण बाहेरच्याला ‘आदिवासी’ एवढंच दिसतं तिथे आतल्याला वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असं दिसतं. कातकऱ्याला या भागातून आमदारकी मिळालेली नाही. त्याला जमिनीचा तुकडाही क्वचितच मिळालेला आहे.

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. शिक्षण, जमीन, सोनं, गाड्या, कर्ज, दाखल गुन्हे, सगळं त्यात येतं. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला १० हजार, आदिवासी उमेदवाराला ५ हजार. खर्चाची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी, ४० लाख. भट्टीवर पाथरवटासारखं राबून पावसाआधी हातात काय उरतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी ४० लाख हा आकडा नुसता वाचायचा आहे. शपथपत्रात एक रकाना नाही, तो म्हणजे ‘कशासाठी उभे राहता’. या लेखाचा विषय तोच आहे.

जव्हारमधून दिल्लीला निवडून गेलेल्यांत सगळ्यात नवलाचा माणूस राजा होता. जव्हार हे महादेव कोळ्यांचं संस्थान. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उभं केलं. कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी गड वेढला, ही गोष्ट गॅझेटियरवाल्यांनीही लिहून ठेवली आहे. गोष्ट खरी असो नसो, जमीन कमी आणि मागणारा हुशार, हा या प्रदेशाच्या राजकारणाचा जुना धागा त्यात आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांना भेटले, असं इथे सांगतात. विक्रमगडचं नाव याच घराण्यातल्या एका विक्रमशहांवरून पडलं.

३१० चौरस मैलांचं हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात नोकरी केली होती. जयविलास राजवाडा त्यांच्याच काळातला. राज्य गेल्यावर बहुतेक संस्थानिकांनी वाडा सांभाळला आणि घोडे पाळले. यशवंतरावांनी काँग्रेसचं तिकीट घेतलं. १९६२ ला भिवंडीतून आणि १९६७ ला डहाणूतून ते लोकसभेवर गेले, तेही राखीव जागेवर, कारण राजा स्वतःच आदिवासी. देशात असे राजे थोडे. ज्या माणसाच्या शब्दावर जंगल तुटायचं किंवा राहायचं, त्याने त्याच रयतेपुढे हात जोडून मत मागणं ही मोठी उडी होती. ती त्यांनी मारली. लोक जाणते म्हणून मत देत होते की राजा म्हणून, हे आज सांगणं कठीण आहे. जव्हारचा दसरा अजून राजेशाही थाटाचा असतो. कुटीर रुग्णालयाला आजही राजे पतंगशहांचं नाव आहे आणि बाळंतपणाला नेलं तर लोक ‘पतंगशहाला नेलं’ असंच सांगतात.

राजाच्या काळात याच डोंगरांच्या पायथ्याशी दुसरी शाळा भरत होती. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार नाकारली. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या वाडीवर राबायचं, या ‘लग्नगडी’ पद्धतीला ती पहिली मोठी चपराक होती. त्या वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी तिथे पडले. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात आहे. लाल बावट्याचे उमेदवार पुढे तीस-चाळीस वर्षं याच आठवणीवर उभे राहिले. तलासरीचे लहानू कोम १९७७ ला डहाणूतून खासदार झाले, पुढे जव्हारमधून विधानसभेतही गेले. शाळा-कॉलेज काढणारा हा शिक्षकी वळणाचा कम्युनिस्ट होता. त्यांच्या पिढीला ‘का उभे राहता’ असं विचारायची गरजच पडत नव्हती. पक्षाने सांगितलं की उभं राहायचं, पक्षाने सांगितलं की मोर्चाला चालायचं. मोर्चा आणि विधानसभा यांत मोर्चा मोठा, असं मानणारे ते शेवटचे उमेदवार असावेत.

त्याच तलासरीत माधवराव काणे यांनी १९६७ च्या सुमारास वनवासी कल्याण केंद्राचं वसतिगृह सुरू केलं. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात संघाचं वसतिगृह निघालं, दगडफेक झाली, वाद झाले, पण त्याच वसतिगृहातून चिंतामण वनगा शिकून बाहेर पडले. कवाड्याचा हा मुलगा वकील झाला, भाजपचा जिल्हाध्यक्ष झाला, १९९६ आणि १९९९ ला खासदार झाला. विक्रमगड मतदारसंघाचे पहिले आमदारही तेच, २००९ चे. पुढे २०१४ ला ते पुन्हा लोकसभेवर गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीत वारले. वनगांबद्दल त्यांचे विरोधकही फार कडू बोलत नाहीत. गावातला माणूस खटला घेऊन आला तर फी कोंबडीत मोजायची की नाही हेही न बघणारा वकील, अशी त्यांची ओळख मागे राहिली.

यात एक गोष्ट जव्हार-मोखाड्याच्या लोकांनी मनात ठेवली. वनगा तलासरीचे. त्यांच्यानंतर २०१४ ला निवडून आलेले विष्णू सवरा वाड्याचे. डोंगर आपला, मतं आपली, आमदार मात्र खालचा. ‘कुठला?’ हा प्रश्न त्यामुळे जास्तच टोकदार झाला. २०१४ ला सवरांच्या विरोधात शिवसेनेचे प्रकाश निकम उभे होते, मोखाड्याचे. ते चार हजारांहून कमी मतांनी पडले. तेच निकम पुढे पालघर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले. डोंगराला आमदार मिळायचा तो अगदी थोडक्यात हुकला होता.

विष्णू सवरांना बाहेरचा म्हणून बाजूला सारणं मात्र अन्यायाचं होईल. वाडा मतदारसंघातून १९९० पासून चार वेळा, मग भिवंडी ग्रामीणमधून आणि मग विक्रमगडमधून, असे ते सलग सहा वेळा आमदार झाले. २०१४ ला त्यांच्याकडे आदिवासी विकास खातं आलं आणि नव्या पालघर जिल्ह्याचं पालकमंत्रीपदही. म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या मतदाराला आपल्या आमदाराकडून जे जे मागायचं असतं ते सगळं देऊ शकेल अशा खुर्चीत त्यांचाच आमदार बसला. यापेक्षा चांगला योग कागदावर तरी येऊ शकत नाही.

आणि २०१६ चा पावसाळा आला. मोखाडा तालुक्यात खोचच्या एका पाड्यावर कुपोषित मूल दगावलं. मंत्री त्या घरी पोचायला पंधरवडा लागला. पोचल्यावर लोकांचा रोष इतका होता की भेट शांतपणे होणं शक्यच नव्हतं. जिल्ह्यात वर्षभरात शेकडो मुलं गेली, असं कुणीतरी म्हणालं आणि त्यावर त्यांच्या तोंडून बेफिकीर वाटणारे जे दोन शब्द निघाले ते देशभरच्या वाहिन्यांनी दिवसभर लावले. सवरांनी नंतर खुलासा केला, विपर्यास झाला म्हणाले. ते डिसेंबर २०२० मध्ये गेले, त्या दोन शब्दांवर आता कीस पाडण्यात अर्थ नाही. मला त्या दिवसातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते मूल मंत्र्याच्या खात्याच्या अखत्यारीतलं तर होतंच, ते त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातलं होतं. आमदार, मंत्री, पालकमंत्री ही तिन्ही पदं एका माणसात एकवटली तरी आहार पाड्यावर वेळेत पोचला नाही.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालकं दगावली तेव्हा सरकार पहिल्यांदा या डोंगरात धावत आलं होतं. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, १९९५ ला नवसंजीवन योजना आली, सवरांच्याच काळात गरोदर मातांसाठी अमृत आहार योजना आली. जव्हारमध्ये फिरलं तर सरकारी कचेऱ्यांची एवढी गर्दी दिसते की लोकसंख्येच्या मानाने हे गाव अधिकाऱ्यांसाठीच वसवलं असावं असं वाटतं. अपर जिल्हाधिकारी, प्रांत, प्रकल्प कार्यालय, वन विभाग. नगरपरिषद तर १९१८ ची. ठाणे जिल्ह्याचं विभाजन होणार म्हटल्यावर जव्हारने मुख्यालय मागितलं ते उगाच नाही. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, मुख्यालय पालघरला गेलं. मोखाड्याच्या टोकाच्या पाड्यावरून पालघर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, एसटी बदलून. पूर्वी ठाणं लांब होतं, आता पालघर लांब आहे.

इथवर आलं की एक साधा प्रश्न पडतो. आमदारच कशाला व्हायचं? हा पाचव्या अनुसूचीतला प्रदेश. १९९६ चा पेसा कायदा, राज्याचे २०१४ चे नियम. ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क आहेत, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. सरपंच होऊन गावाचं भलं करता येत नाही का? येतं, काही अंशी. गावात विहीर, समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक इतकं नक्की येतं. पण पाड्यावरच्या माणसाची जी खरी अडचण असते तिची किल्ली गावात नसते.

मर्कटवाडीचं बघा. मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीतला हा पाडा. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या एका बाईला सातव्या महिन्यातच कळा आल्या. घरीच जुळी झाली आणि दोन्ही वाचली नाहीत. बाईला रक्तस्राव होत होता. पाड्यावर गाडी येत नाही म्हणून गोधडीची डोली करून, बांबू खांद्यावर घेऊन, पावसात निसरड्या कड्यावरून माणसांनी तिला सुमारे तीन किलोमीटर उतरवलं. कुणीतरी त्याचं मोबाइलवर चित्रण केलं, म्हणून ते सगळ्यांना दिसलं. डोली इथे नवी नाही, फक्त एरवी कॅमेरा नसतो.

आता या रस्त्याची किल्ली शोधू. मध्ये वनजमीन असली की गावाला सांगतात, परवानगी दिल्लीहून लागते. हे अर्धसत्य आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर देता येते, ग्रामसभेचा ठराव असेल आणि हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तुटणार नसतील तर. कायदा २००६ चा आहे. म्हणजे ठराव ग्रामसभेने करायचा, प्रस्ताव बांधकाम खात्याने बनवायचा, मंजुरी वनखात्याने द्यायची, पैसा जिल्हा नियोजन किंवा आदिवासी विकासकडून यायचा. चार कचेऱ्या, आणि चौघांना एका टेबलाशी बसवू शकणारा माणूस तालुक्यात एकच असतो, आमदार. सरपंचाने फोन केला तर साहेब ‘बैठकीत’ असतात. आमदाराने केला तर साहेब बैठक घेतात. वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींच्या आमदार निधीपेक्षा या फोनला इथे जास्त किंमत आहे, आणि उमेदवार भाषणात काहीही सांगोत, उभं राहण्याचं पहिलं कारण हा फोन आहे. यात मला काही वावगं वाटत नाही. डोंगरात राहणाऱ्याला कचेरीत वजन हवंच. वावगं हे, की तीन किलोमीटर रस्त्यासाठी वजन लागावं.

डॉक्टरचंही तसंच. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, वैद्यकीय अधिकारी शासनाचा, बदली मंत्रालयातून. मोखाड्याला नेमणूक झाली की रुजू व्हायच्या आधी बदलीचा अर्ज तयार असतो. या पार्श्वभूमीवर २०१९ ला भाजपने हेमंत सवरांना तिकीट दिलं. विष्णू सवरांचा मुलगा, अस्थिरोगतज्ज्ञ. जिथे डॉक्टर टिकत नाही तिथे डॉक्टरच उमेदवार. युती होती, वडिलांचं नाव होतं. समोर राष्ट्रवादीचे सुनील भुसारा, मोखाड्याचे. आणि या वेळी ‘कुठला?’ या प्रश्नाने निकाल दिला. भुसारा २१ हजारांवर मतांनी जिंकले. वरच्या डोंगराला या मतदारसंघात पहिल्यांदा आपला आमदार मिळाला.

भुसारांच्या वाट्याला काय आलं ते बघितलं की आमदारकीची दुसरी बाजू कळते. निवडून आले आणि सत्ता आली, मग करोना आला, मग सत्ता गेली, मग पक्षच फुटला. २०२३ मध्ये ते शरद पवारांबरोबर राहिले आणि घड्याळ पुढे दुसरीकडे गेलं. २०२४ ला पाड्यावर जाऊन आधी हे समजावायचं होतं की मी तोच आहे पण चिन्ह ते नाही. वाचता न येणाऱ्या मतदाराने पाच वर्षं लक्षात ठेवलेली खूण एका निकालपत्राने पुसली. तुतारी वाजवणारा माणूस तारपा वाजवणाऱ्यांना परका वाटायचं कारण नव्हतं, पण ओळख व्हायला दिवस लागतात आणि दिवस होते मोजके. समोर भाजपने सवरा घराण्याबाहेरचे हरिश्चंद्र भोये दिले. त्यांच्यामागे महायुती होती, नुकतीच खात्यावर आलेली लाडक्या बहिणीची रक्कम होती. भोये ४१ हजारांवर मतांनी जिंकले. भुसारा पाच वर्षांपूर्वी जेवढ्याने जिंकले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट फरकाने हरले.

लाडक्या बहिणींनी निकाल फिरवला असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. या मतदारसंघाच्या आजवरच्या चारही आमदारांत एक बाई नाही. सरपंच आहेत, पंचायत समितीत आहेत. विक्रमगडच्या भारती कामडी जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि २०२४ ला ठाकरे गटाच्या लोकसभेच्या उमेदवारही. त्यांना हरवून खासदार झाले ते हेमंत सवराच, १ लाख ८० हजारांहून जास्त मतांनी. जिथे पंचायतीत कायद्याने अर्ध्या जागा बायकांच्या, तिथे बायका आहेत. जिथे पक्षाने ठरवायचं, तिथे भावांची रांग संपत नाही.

हेमंत सवरांचं पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ४ ऑक्टोबर २०२४, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या थोडंच आधी. दिंडोरीचे आमदार आणि विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, त्यांच्याबरोबर काही आदिवासी आमदार आणि खासदार हेमंत सवरा मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिथून संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. ही जाळी २०१८ मध्ये बसवली होती. न्याय न मिळालेल्या माणसांनी मंत्रालयातून उड्या मारून जीव देऊ नये म्हणून. तिच्यावर त्या दिवशी विधानसभेचे उपाध्यक्ष पसरले होते. मागण्या दोन. धनगर समाजाला अनुसूचित जमातीचं आरक्षण देऊ नये आणि पेसा क्षेत्रातली रखडलेली भरती करावी. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशी पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली होती. प्रकरण न्यायालयात गेलं, निवड झालेली पोरं-पोरी नेमणुकीविना बसली.

उड्या मारणारे सगळे विरोधी बाकांवरचे असते तर ते आंदोलन ठरलं असतं. पण झिरवाळ सत्ताधारी, सवरा सत्ताधारी. ज्यांचं सरकार त्यांनीच जाळीवर उतरायचं. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्याचा तमाशा केला, व्यंगचित्रं काढली. मला त्यात हसण्यासारखं कमी आणि हिशेबाचं जास्त दिसलं. विधानसभेत अनुसूचित जमातीच्या २५ जागा आहेत, २८८ पैकी. राज्यघटनेने पाचव्या अनुसूचीत आदिवासी सल्लागार परिषद दिली आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य आदिवासी आमदारच. सभागृह आहे, परिषद आहे, राज्यपालांचे खास अधिकार आहेत. एवढं असून उपाध्यक्षाला आपलं म्हणणं पोचवायला जाळी लागली. मोखाड्यात फोनला जे वजन असतं ते मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एवढंच उरतं.

पाण्याचा प्रश्न याहून जुना आणि याहून सरळ आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस असा कोसळतो की पावसाळ्यात दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे बघायला मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. मार्चनंतर त्याच तालुक्यांत टँकर फिरतात. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मुंबई महापालिकेने वैतरणेवर १०२ मीटर उंचीचं धरण बांधलं, मध्य वैतरणा. बाळासाहेब ठाकरे यांचं नाव असलेल्या या धरणातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. खाली मोडकसागर १९५७ पासून भरतोच आहे. धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. याला कुणाचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. धरण खोल दरीत, पाडे उंचावर, पाणी वर चढवायला वीज आणि पैसा लागतो आणि मुंबईकडे पाणी उताराने जातं. पण उताराने पाणी नेणाऱ्या शहराच्या महापालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक काही राज्यांहून मोठं आहे, आणि त्यातला एक पंप मोखाड्याच्या वाट्याला यावा एवढं बोलून घ्यायला सुद्धा आमदार लागतो.

प्रत्येक उमेदवाराच्या जाहीरनाम्यात पाणी असतं. फरक पुढच्या वाक्यात असतो, आणि तो ऐकायला हवा. जव्हार तालुक्यात पिंजाळ नदीवर मुंबईसाठी आणखी एक धरण कागदावर आहे, दिवसाला ८६५ दशलक्ष लिटरचं. दमणगंगेचं पाणी पिंजाळात आणून मुंबईला देण्याची नदीजोड योजनाही त्याला जोडलेली. पाडे बुडणार, जंगल बुडणार. ‘पाणी आणू’ म्हणणारे उमेदवार मी भरपूर ऐकले. पिंजाळबद्दल सरळ हो किंवा सरळ नाही म्हणणारा मोठ्या पक्षाचा उमेदवार मिळणं अवघड, कारण पक्षाची मुंबईतली मतं वेगळी आणि जव्हारची वेगळी. बांधावर उभा असताना तो जव्हारचा असतो, सभागृहात हात वर करताना पक्षाचा. ‘कुठला?’ या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळतं, आणि ते टपरीवर कुणाला ऐकू येत नाही.

मग इतकं असून माणसं उभी का राहतात? हौस आहे, गाडी-पोलिसांचा रुबाब आहे, ठेकेदारांची सोय आहे, हे सगळं आहेच आणि ते फक्त मोखाड्यात नाही. पण या प्रदेशात आणखी एक कारण मला पुन्हापुन्हा दिसतं. इथली शिकलेली पहिली-दुसरी पिढी आश्रमशाळेतून आणि वसतिगृहातून आली. वसतिगृहातल्या मुलाला प्रवेशापासून शिष्यवृत्तीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी प्रकल्प कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. जव्हारचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे चार तालुके बघतं. तिथल्या बाकड्यावर बसून, सही होण्याची वाट बघत या मुलांना राज्य कसं चालतं ते कळतं. त्यातला एखादा पुढे ग्रामपंचायत लढवतो, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, आणि बाकड्याच्या पलीकडे जायची इच्छा त्याला विधानसभेपर्यंत नेते. राजाला ही इच्छा कळली नसती. कोमांच्या पिढीने ती मोर्चातून भागवली. आजचा उमेदवार ती तिकिटातून भागवतो.

पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघाचा नकाशाही कदाचित बदललेला असेल. २००८ च्या पुनर्रचनेत ‘जव्हार’ हे मतदारसंघाचं नावच गेलं. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर नवी पुनर्रचना होईल, राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात पुन्हा ठरतील. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे माणसं मोजली जाणार ती फेब्रुवारीत. जनगणनेच्या नियमाप्रमाणे मोजणीच्या सगळ्या दिवसांत जे कुटुंब घरी नाही ते जिथे सापडेल तिथे मोजलं जातं. फेब्रुवारीत मोखाड्याचे पाडे भट्टीवर असतात. शिमगा २०२७ ला मार्चच्या उत्तरार्धात आहे, तोवर कुणी परत येत नाही. भिवंडीच्या आणि वसईच्या शिवारात, भट्टीवरच्या भोंग्याच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात उभी असलेली ही माणसं त्या तालुक्यांच्या आकड्यात धरली जातील. जव्हार-मोखाड्याचा आकडा तेवढ्याने उतरेल आणि पुढचा आमदार किती माणसांचा, हे त्याच आकड्यावर ठरेल. हा विषय निवडून आलेल्यांनी सभागृहात आणि पडलेल्यांनी बाहेर, दोघांनीही आत्ताच काढायला हवा, दिवाळीच्या आत, कारण नंतर ऐकायला गावात कुणी नसतं.